तीर्थनच्या ट्राउटसाठी सामान: मार्च ते ऑक्टोबर वापरल्यावर काय टिकलं, काय नाही

निकाल आधीच सांगून टाकू. हिमाचलच्या ट्राउटसाठी सामान घेताना पहिला पैसा बुटांवर, दुसरा तंगुसावर (गळाच्या दोरीवर), तिसरा लुअरवर (नकली आमिषावर), आणि उरला तर रॉडवर घालायचा. दुकानात नेमकं उलटं होतं. रॉड हातात घेऊन झुलवून बघता येतो, त्यामुळे निम्मं बजेट तिथेच संपतं आणि पायात जुने स्पोर्ट्स शूज राहतात. शंभर रुपये असतील तर चाळीस बुटांवर, पंधरा तंगूस आणि लीडरवर (तंगुसाच्या टोकाला जोडायच्या बारीक तुकड्यावर), वीस लुअर आणि हुकांवर, आणि उरलेल्या पंचविसात रॉड-रीळ. स्वस्त रॉडने मासा लागतो. गुळगुळीत तळव्याने त्या माशापर्यंत पोचता येत नाही.

पाणी कसलं आहे ते आधी बघा, कारण सगळी निवड त्यावर ठरते. तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून उतरते, गुशैणीला फलाचन तिला मिळते, पुढे बंजारवरून लारजीला येते आणि तिथे सैंजसोबत बियासला जाऊन मिळते. नदीवर मोठं धरण नाही, म्हणून पाणी थंड आणि नितळ राहतं. पात्र मात्र अरुंद आहे. गोल, शेवाळलेले दगड, त्यामागे गुडघाभर ते कमरेइतके खळगे, काठावर कोशाची (अल्डरची) झाडं. मासा मुख्यतः ब्राउन ट्राउट. काश्मीरहून आणलेल्या अंड्यांपासून १९०९ च्या सुमारास कुल्लूत त्याची पैदास सुरू झाली आणि आता तो नदीत स्वतःच वाढतो. वीस ते तीस सेंटीमीटर हा नेहमीचा आकार. किलोच्या वरचा मासा असतो, पण त्याच्यासाठी सामान बांधू नका. त्याच गरीला कधी तिथला मूळचा स्नो ट्राउटही लागतो.

कोकणच्या खाडीत तांबोशी आणि जिताडा गरवणाऱ्यांकडे रॉड आधीच असतो, पण तो इथे चालत नाही. वीस-तीस ग्रॅमचा लुअर फेकणाऱ्या रॉडने तीन ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा लुअर) फेकला तर रॉड वाकतच नाही आणि लुअर पायाजवळ पडतो. धरणावर कटला-रोहूसाठी वापरतात त्या जाड दांड्यांचंही तेच.

रॉड साडेसहा फुटी अल्ट्रालाइट, २ ते ७ ग्रॅमचा लुअर फेकणारा. चार तुकड्यांचा घेतला तर नळी जेमतेम अर्ध्या मीटरहून थोडी मोठी होते आणि बसच्या रॅकवर बसते. दोन तुकड्यांचा मीटरभर लांब होतो आणि डिकीत बॅगांखाली जातो. टेलिस्कोपिक रॉड घेऊच नका. बारीक वाळू सांध्यात शिरते, तुकडे एक तर उघडत नाहीत किंवा फेकताना आपोआप फिरतात, आणि रिंगा एका रेषेत राहत नाहीत. सर्वांत जास्त मोडतं ते टोक, आणि तेही मासा ओढताना नव्हे, तर दगडात अडकलेला लुअर रॉडने हिसकताना. अडकला की रॉड खाली करून तंगूस सरळ रेषेत, हाताला कापड गुंडाळून ओढायचा. टोकाची एक सुटी रिंग आणि हॉट ग्लूची कांडी खिशात ठेवा: लायटरने कांडी वितळवून रिंगेच्या नळीत भरायची, टोकावर बसवायची, बाकीच्या रिंगांशी रेषेत फिरवायची. दोन मिनिटांचं काम आहे. ज्योत थेट रॉडवर धरली तर कार्बन जळतो.

रीळ १००० किंवा २००० आकाराचं. डब्यावर ड्रॅगचा (मासा ओढताना तंगूस किती जोराला सुटू द्यायचा ते ठरवणाऱ्या ब्रेकचा) कमाल आकडा मोठ्या अक्षरात छापतात, त्याचा इथे काही उपयोग नाही. ड्रॅग सुटताना पहिला धक्का बसतो का, ते बघायचं. दुकानातच ड्रॅग हलका करून तंगूस दोन बोटांनी हळू ओढा. अडकून झटक्याने सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा. दोन किलोला तुटणाऱ्या तंगुसावर ड्रॅग अर्ध्या किलोवर लावायचा, आणि तो स्प्रिंगच्या काट्याला बांधून मोजायचा. अंदाजाने लावलेला ड्रॅग जवळपास नेहमीच जास्त घट्ट असतो. स्पूल (तंगूस गुंडाळायची चकरी) काठोकाठ भरलं तर तंगूस गठ्ठ्याने सुटतो, म्हणून दीड-दोन मिलीमीटर काठ मोकळा ठेवा. शंभर मीटर पुष्कळ झाला. खाली जुना तंगूस भरून उंची आणता येते. खाडीवर वापरलेलं रीळ नेणार असाल तर बेलवरची (तंगूस गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीवरची) लहान चकती आधी खोलून धुवा. तिथे मीठ सुकून ती फिरायची थांबते आणि बारीक तंगूस एकाच जागी घासून तुटतो.

आता तंगूस. ब्रेडेड (विणलेला) घ्यावा की साधा नायलॉन, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. आमचं मत नायलॉनच्या बाजूने, ०.१८ मिलीमीटर. ब्रेड लांब जातो आणि बारीक टोचही कळते, पण तीर्थनच्या दगडांवर दोन-तीन वेळा घासला की लव सुटते, आणि तो ताणत नसल्यामुळे छोट्या माशाच्या तोंडातून हुक फाटून निघतो. ब्रेड वापरायचाच असेल तर पीई ०.६ जाडीचा आणि पुढे मीटरभर फ्लोरोकार्बनचा तंगूस, दोन तंगूस जोडणाऱ्या डबल युनी गाठीने. नायलॉनचा दोष मार्चमध्ये दिसतो. पाणी दहा अंशांच्या खाली असलं की तो ताठ होतो आणि स्प्रिंगसारखा वेटोळ्यांनी सुटतो. सकाळी निघताना तीस-चाळीस मीटर झाडाला बांधून हलका ताणला की दिवसभर नीट चालतो. गाठ आवळण्याआधी ओली करा, थुंकीनेही चालेल. सुकी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो, आणि तुटतो तोही गाठीलाच. शेवटचा अर्धा मीटर दर तासाला बोटांत धरून बघायचा. खरखर लागली की कापून नवी गाठ. मोसमाच्या मध्यावर, पावसाच्या सुट्टीत, सगळा तंगूस बदलून टाकावा. या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू हीच आहे.

लुअरमध्ये मेप्स अ‍ॅग्लिया हा स्पिनर, ० आणि १ नंबर, म्हणजे अडीच आणि साडेतीन ग्रॅम. मोसमभर हेच पुरतात. २ नंबर गढूळ किंवा खोल पाण्यापुरता. चांदीचं पातं अंधुक पाण्यात, तांब्याचं नितळ पाण्यात. फेकायचं प्रवाहाच्या वर, तिरकं, आणि पाण्यापेक्षा थोडं जोरात गुंडाळायचं. पाण्याच्याच वेगाने गुंडाळलं तर पातं फिरत नाही. लुअर नुसता वाहत येतो आणि दगडात जाऊन बसतो. पाण्यात पडल्यावर एक छोटा झटका दिला की पातं सुरू होतं, आणि ती थरथर टोकापर्यंत जाणवली पाहिजे. ती थांबली तर पात्यावर पानकाडी किंवा शेवाळ आहे. प्रवाहाच्या खालच्या बाजूला फेकून ओढला तर स्पिनर वर उचलला जातो आणि पृष्ठभागावर नाचत येतो. बहुतेक नवखे असंच करतात आणि नदीत मासा नाही म्हणतात.

स्पिनरची दुसरी खोड म्हणजे तंगुसाला पीळ पडणं. लुअरच्या वर चाळीस सेंटीमीटरवर बारीक स्विव्हल (फिरती कडी) घाला. तरी पीळ पडलाच तर लुअर काढून नुसता तंगूस तीन-चार मिनिटं धारेत सोडून द्यायचा, आपोआप उलगडतो.

स्पिनरचा तीन-टोकी हुक मात्र बदलाच. छोट्या माशाच्या तोंडात तीनपैकी दोन टोकं रुतली की सोडवताना जबडा फाटतो, आणि खळग्यात दगडाला अडकण्याची शक्यताही तिप्पट. पद्धत अशी: साइड कटरने हुकाचा डोळा कापायचा (डोळ्यांवर चष्मा हवा, तुकडा उडतो), उघड्या डोळ्याचा ६ किंवा ८ नंबरचा एकेरी हुक तारेच्या कडीत अडकवायचा आणि पक्कडीने डोळा दाबून बंद करायचा. मग हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपायचा. चेपला की नाही हे बघायला हुक सुती रुमालात टोचून मागे ओढा. धागा न उचलता निघाला तर ठीक. काटा नसला म्हणून मासे फारसे सुटत नाहीत. तंगूस सैल सोडला तर मात्र सुटतात.

मिनो (छोट्या माशाच्या आकाराच्या) लुअरमध्ये रापालाचा काउंटडाउन, ३ किंवा ५ सेंटीमीटरचा. तो सेकंदाला साधारण फूटभर बुडतो, म्हणून मनात आकडे मोजून किती खोल न्यायचा ते ठरवता येतं. पुलाखालच्या किंवा वळणावरच्या खोल खळग्यात त्याला तोड नाही. उथळ पाण्यात मात्र दगडांना अर्पण करायची ही महागडी वस्तू आहे.

फ्लाय फिशिंगबद्दल, म्हणजे जड लाइनच्या जोरावर नकली माशी फेकण्याबद्दल, थोडक्यात. नऊ फुटी, ५ नंबरचा रॉड, तरंगती लाइन, नऊ फुटी ४एक्स लीडर आणि पुढे ५एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा सर्वांत बारीक तुकडा), म्हणजे ०.१५ मिलीमीटर जाडीचा. वजनदार मण्याची निंफ (पाण्यातल्या अळीसारखी नकली माशी), १४ किंवा १६ नंबर. दगड उलटून बघा, खाली चिकटलेल्या अळ्या त्याच मापाच्या असतात. अडचण मागच्या झाडांची आहे: मागे लाइन टाकायला जागा नसते, रोल कास्ट (लाइन मागे न टाकता फेकणं) येत नसेल तर निम्मा वेळ फांदीतून माशी काढण्यात जातो. पहिल्या वर्षी घेऊ नका. ऑक्टोबरच्या नितळ पाण्यात याची खरी मजा आहे, तोवर हात बसवा.

आता बूट. फेल्टचा तळवा शेवाळलेल्या दगडावर उत्तम धरतो, पण चिखलाच्या उतारावर आणि देवदाराच्या सुया पडलेल्या वाटेवर घसरतो, सुकायला दोन दिवस घेतो आणि एका नदीतले जंतू दुसऱ्या नदीत नेतो. तीर्थनला पाण्यापर्यंत जायची वाटच उताराची असते. म्हणून रबरी तळवा आणि त्यात कार्बाइडचे खिळे. नुसतं रबर, कितीही खोल नक्षीचं असो, ओल्या दगडावर भरवशाचं नाही. खिळे सुटतात, मोसमाआधी आणि मध्येही एकेक घट्ट करून घ्या, चार-सहा जास्तीचे ठेवा. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठा, कारण आत वेडरचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटचा) निओप्रीन मोजा असतो. बूट घट्ट झाला तर पाय गार पडतात.

वेडर मार्च-एप्रिलमध्ये हवाच. जूनमध्ये जाड मोजे आणि सुकणारी पँट चालते. श्वास घेणारं कापड घ्या, निओप्रीनमध्ये चढावर घामाने भिजायला होतं. गळतो तो गुडघ्यावरच्या बारीक छिद्रांतून आणि मोज्याच्या शिवणीतून. छिद्र शोधायला वेडर उलटा करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं. जिथे गळतं तिथे गडद ठिपका उमटतो. त्यावर युरेथेनचा गोंद, आणि रात्रभर सुकू द्या. कमरेचा पट्टा आवळल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. पाय घसरला तर वेडरमध्ये पाणी भरतं ते वरून. काठी म्हणाल तर गावातून घेतलेला खांद्याइतका बांबू घडीच्या काठीपेक्षा बरा. घडीच्या काठीत वाळू जाते आणि ती नेमकी धारेच्या मध्यावर उघडत नाही.

गाइड घ्यावा का? पहिल्या खेपेला नक्की. खळगे आणि उतरायच्या वाटा त्यांनाच माहीत असतात. ठरवताना तीन गोष्टी विचारा: मत्स्य विभागाचा परवाना पैशांत धरला आहे का, हुक बिनकाट्याचे आहेत का, आणि सामान कुठल्या जाडीच्या तंगुसाचं आहे. ०.३० सांगितलं तर स्वतःचं रीळ न्या. किती मासे आणि किती मापाचे ठेवता येतात ते परवाना घेतानाच विचारून घ्यावं. एरवी सोडूनच द्या: हात ओले, जाळी रबराची, मासा पाण्याबाहेर जेमतेम फोटोपुरता. ट्राउट खायचाच तर शेततळ्यातला रेनबो तिथे सहज मिळतो, आणि खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत.

मोसम १ मार्चपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत. थंडीत ब्राउन ट्राउट खडीत अंडी घालतो म्हणून नंतर बंदी. मार्चमध्ये दहाच्या आधी उठायची घाई नको, पाणी तापल्याशिवाय मासा हलत नाही. मे-जूनमध्ये उलट: वरचं बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं आणि गढूळतं, म्हणून सकाळीच. पाण्याकाठच्या एका दगडावर नजर ठेवा. तो बुडाला तर पलीकडच्या काठावरून लगेच परत या. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, पाणीही गढूळ आणि दरडीही. सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर सर्वांत सुंदर, पण मासा सावध: ० नंबर, पातळ लीडर, आणि गुडघे टेकून फेकणं. लारजीच्या खाली बियासच्या पात्रात उतरूच नका. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटला हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले होते. बरोटला उहल नदीवरही वीज प्रकल्पाची बांधकामं आहेत. तिथे कुठे उतरायचं ते स्थानिकांना विचारूनच.

जाताना दिल्ली-मनाली बसच्या कंडक्टरला ऑटच्या बोगद्याआधी उतरायचं आहे हे रात्रीच सांगून ठेवा. बस तिथे पहाटे पोचते आणि झोप लागली तर कुल्लूला उतरावं लागतं. ऑटहून बंजारच्या बस मिळतात. विमानात हुक, पक्कड आणि कटर चेक-इन बॅगेत.

परतल्यावर रिळाचा ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या चेपून राहतात आणि पुढच्या मार्चला तोच पहिला झटका बसू लागतो. वेडर घडी घालून कपाटात ठेवू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घडीवर बुरशी येते आणि आतला थर सुटतो. आधी उलटा, मग सुलटा वाळवून खांद्यांच्या पट्ट्यांवर टांगून ठेवा, आणि बूट लेस काढून, जीभ बाहेर ओढून, उन्हात नाही तर पंख्याखाली.