एडिनबरात किल्ट घेताना आम्हाला कसं फसवलं

स्कॉटलंडमध्ये शिकायला, नोकरीला किंवा मुलाबाळांच्या लग्नाला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. एडिनबराच्या एका दुकानात शुद्ध लोकरीचा, हाताने शिवलेला म्हणून आम्हाला ॲक्रिलिकचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष नेसतात तो चुण्यांचा घागरा, विकला गेला. खोटं इतकं बेमालूम होतं की कुणीही फसावं, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

माझ्या मुलाचं लग्न पर्थजवळच्या एका स्कॉटिश कुटुंबातल्या मुलीशी ठरलं. व्याह्यांनी आपल्या घराण्याचं टार्टन, म्हणजे ठराविक रंगांच्या चौकडीचं कापड, नेसायचा प्रेमाने आग्रह केला. मुलाला मात्र लग्नानंतरही वापरता येईल असा एकच किल्ट हवा होता. लग्नात काळ्या प्रिन्स चार्ली जाकिटाखाली शोभायला हवा, आणि एरवी जाड स्वेटर, साधे बूट घालून मरीफील्डला रग्बी बघायला जाताना खटकायला नको. त्याने ब्लॅक वॉच नावाचं टार्टन निवडलं आणि ती निवड मला आजही अगदी योग्य वाटते. गडद निळा, हिरवा आणि काळा हे रंग काळ्या जाकिटाशी जुळतात, तपकिरी ट्वीडशीही जुळतात. लाल रॉयल स्टुअर्ट देखणं असतं, पण शनिवारी दुपारी सहज घालायला फार भडक पडतं. कुणी कुठलं टार्टन नेसावं याचा कायदा नाही. बाल्मोरल तेवढं राजघराण्यासाठी राखलेलं असतं. ब्लॅक वॉच आपल्यासारख्या बाहेरच्यांनी नेसलं तर कुणी भुवया उंचावत नाही.

दुकानाबाहेर पाटी होती, '१००% लोकर, स्कॉटलंडमध्ये बनवलेले'. आतला माणूस गोड बोलणारा आणि माहितगार होता. दोन्ही प्रसंगांना चालेल असं १३ औंसाचं कापड घ्या, १६ औंसाचं उन्हाळ्यात जड होतं, हे त्याने सांगितलं ते खरंच आहे. पूर्ण आठ वार कापड, हाताने घातलेल्या चुण्या, शिलाई आमच्याच कारखान्यात, असंही म्हणाला. किंमत ३९५ पौंड. इथे हाताने शिवलेला आठ वारी किल्ट याच्या आसपास किंवा याहून महागच मिळतो, त्यामुळे किमतीवरूनही शंका यायला जागा नव्हती. वर त्याने एक छापील प्रमाणपत्र दिलं. हे टार्टन सरकारी नोंदवहीत नोंदलेलं आहे, असं त्यावर लिहिलेलं.

या प्रमाणपत्रापासून विशेष सावध राहा. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स ही खरीखुरी सरकारी नोंदवही आहे. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली, २००९ मध्ये सुरू झाली, आणि नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ती सांभाळतं. पण तिथे नोंद होते ती नक्षीची, म्हणजे कुठल्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने यावेत याची. कापड कशाचं, किल्ट कुणी शिवला, याच्याशी तिचा काही संबंध नाही. तीच नक्षी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर छापली तरी प्रमाणपत्र खरंच राहील.

माप घेताना त्या माणसाने मुलाला पँटची कंबर विचारली आणि तोच आकडा लिहून घेतला. किल्ट पँटपेक्षा बराच वर, बेंबीच्या पातळीवर बसतो आणि गुडघ्याच्या मध्यावर संपतो. खरा शिवणारा टेप लावून कंबर, नितंब आणि लांबी तिन्ही मोजतो. शिवाय हाताने किल्ट शिवायला कारागिराचे वीसेक तास जातात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी काही आठवडे थांबावं लागतं. आमचा फारच लवकर तयार झाला.

घरी आणल्यावर तो मला हलका वाटला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर किलोभरही भरेना. औंसाचा आकडा म्हणजे दुप्पट पन्ह्याच्या एका वाराचं वजन, आणि किल्टला ते कापड उभं निम्मं करून वापरतात; त्या हिशेबाने १३ औंसाच्या लोकरीचे आठ वार म्हटले तर दीड किलोच्या जवळपास जायला हवं. विहीणबाईंनी मला त्यांच्या ओळखीतल्या, आयुष्यभर किल्ट शिवत आलेल्या एका बाईंकडे नेलं. पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतो, तसा त्यांनी किल्ट आधी उलटा केला. चुण्यांच्या आत शिवलेलं कॅनव्हास असतं, तिथे इस्त्रीने चिकटवलेला पातळ थर होता. किल्टच्या खालच्या कडेला कापडाचा मूळ काठच ठेवतात, दुमड नसते. इथे कड दुमडून मशीनची टीप मारलेली. चुण्या पाडताना मागेही पुढच्यासारखीच चौकट जुळवतात, नाहीतर लष्करी पद्धतीने प्रत्येक चुणीवर एकच पट्टा आणतात. आमच्या किल्टला यातलं काहीच नव्हतं, रेघा वाटेल तशा पळत होत्या. बाईंनी चुण्या मोजून कापडाचा हिशेब केला, तर ते पाच वारही भरलं नाही. मग आतून एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवला. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते. आमच्या धाग्याचा कडक काळा मणी झाला.

लेबलवर 'स्कॉटलंडमध्ये डिझाइन केलेले' एवढंच होतं. कापडात कोणते धागे किती टक्के आहेत हे लिहिणं ब्रिटनमध्ये बंधनकारक आहे. ती पट्टी सफाईने कापलेली होती, शिवणीत तिचा तुकडा शिल्लक होता.

मला याचा संताप येतो. परदेशात शिवलेला स्वस्त किल्ट म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. सियालकोटला किल्ट मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. फक्त मॅच बघायला घालायचा असेल, तर पॉलिव्हिस्कोसचा (पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचा) धुता येणारा किल्ट खुशाल घ्या. पण लग्नासाठी पै-पै साठवणाऱ्या घराला तोच माल लोकर म्हणून विकणं हा निव्वळ दरोडा आहे. गिऱ्हाईक विमानात बसून निघून जाणार, हा त्यांचा भरवसा.

दुकानदार म्हणाला, मापाने शिवलेला माल परत घेत नाही. हेही खोटं. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू सांगितल्यासारखी नसेल, तर ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, मग ती मापाने शिवलेली का असेना. आम्ही क्रेडिट कार्डाने पैसे दिले होते. १०० पौंडांहून महाग वस्तूसाठी १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. बाईंनी तपासणीचा लेखी अहवाल दिला, तो जोडून आम्ही दावा केला आणि पैसे परत मिळाले. लग्नात मुलाने भाड्याचा किल्ट नेसला. जाकीट, स्पोरन (किल्टवर पुढे लटकवायची थैली), मोजे, बूट असा संपूर्ण पोशाख इथे भाड्याने सहज मिळतो. एकाच दिवसापुरता हवा असेल तर तोच मार्ग धरा.

दाव्यात आमच्या पावतीचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण तिच्यावर फक्त 'किल्ट, ब्लॅक वॉच' एवढंच लिहिलेलं होतं. कामी आला तो ह्यांनी सहज काढलेला पाटीचा फोटो, आणि 'शुद्ध लोकर, आठ वार' असं लिहिलेला दुकानाचा ईमेल. तुम्ही घ्याल तेव्हा धागा, औंस, वार आणि शिलाईचं ठिकाण या चारही गोष्टी पावतीवरच लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर पैसे न देता बाहेर पडा.