पहिलं लेबर रूम पोस्टिंग: नाशिकचं मोठं रुग्णालय की घाटापलीकडचं ग्रामीण?

नर्सिंग कॉलेजात पोस्टिंगच्या, म्हणजे कुणी कुठल्या रुग्णालयात शिकायला जायचं त्याच्या, याद्या लागायच्या आठवड्यात मला हमखास दोन-तीन फोन येतात. "ताई, पहिल्यांदाच लेबर रूमला जायचंय. सिव्हिल मागू की ग्रामीण?" नर्सिंगच्या कुठल्याही कोर्सची मुलगी असते, कधी जीएनएमची, कधी बीएस्सीची, कधी एएनएमची. सगळीच कॉलेजं विचारून पोस्टिंग देत नाहीत. पण ज्यांना निवडायची संधी मिळते त्यांना फोनवर पाच मिनिटांत सांगून भागत नाही, म्हणून हे लिहितेय. मी दोन्हीकडे शिकले, आज स्टाफ नर्स आहे आणि माझं मत ठाम आहे: पुढे जिथे नोकरी करायची आहे, त्याच्या उलट ठिकाणी पहिलं पोस्टिंग घ्या.

मोठं म्हणजे त्र्यंबक रोडचं सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, मालेगावचं सामान्य रुग्णालय. ग्रामीण म्हणजे पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची तीस खाटांची रुग्णालयं. कळवणचं उपजिल्हा रुग्णालय या दोहोंच्या मधलं.

गर्दीत काय दिसतं, एकटीत काय कळतं

मोठ्या रुग्णालयात पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं की आधी आवाज अंगावर येतो. एका टेबलावर बाई जोर लावतेय, दुसरीला टाके पडतायत, तिसरी स्ट्रेचरवरून आत येतेय, वॉर्मरखाली बाळ रडतंय आणि मावशी "बाजूला हो गं पोरी" म्हणत बादली घेऊन चालल्यात. माझी पहिली ड्यूटी सकाळची होती. दुपारपर्यंत पाच बाळं जन्माला येताना पाहिली. संध्याकाळी होस्टेलवर आठवायला बसले तर एकाही आईचा चेहरा डोळ्यांसमोर येईना. वार आठवत होती, ट्रेमधली कात्री आठवत होती.

याला वाईट म्हणून सांगत नाही. त्या एका सकाळी मी पायाळू बाळ पाहिलं, जुळं पाहिलं आणि मानेभोवती नाळेचा वेढा अलगद डोक्यावरून कसा काढतात तेही पाहिलं. ग्रामीणमध्ये हे सगळं पाहायला महिने गेले असते. पण पाहणं आणि करणं यात अंतर आहे. मोठ्या ठिकाणी तुमच्याआधी इंटर्न डॉक्टर, निवासी डॉक्टर, दुसऱ्या कॉलेजच्या मुली अशी रांग असते. केसबुकात बाळंतपणांचा आकडा भरायचा असतो, तो सगळ्यांनाच भरायचा असतो. तुम्ही दोन खांद्यांच्या फटीतून बघता.

ग्रामीणची माझी रात्र सांगते. अकराच्या सुमारास एक पहिलटकरीण आली, सोबत आई आणि आशाताई. गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं. त्या रात्री लेबर रूममध्ये दुसरी बाई नव्हती. ड्यूटीवरच्या सिस्टर मला म्हणाल्या, "हिच्याजवळून उठायचं नाही." बस, एवढंच. मी स्टूल ओढलं, तिच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसले. तासाभरात एक गोष्ट लक्षात आली, जी पुस्तकात वाचून कधी पोचली नव्हती: कळ आपल्या हाताला आधी कळते, बाईच्या चेहऱ्यावर नंतर उमटते. पोट हाताखाली कडक व्हायला लागतं, काही क्षणांनी तिच्या कपाळावर आठी येते. मग मी कळ येतानाच तिला सांगू लागले, "आली बघ, श्वास घे." तिला वाटलं या पोरीला सगळं कळतं. मला फक्त हाताखालचं कळत होतं. दहा मिनिटांत तीन कळा, एकेक चाळीस सेकंदांची.

दोनच्या पुढे लाइट गेली. इन्व्हर्टरवर एक दिवा होता, बाळाचे ठोके ऐकायच्या डॉप्लर यंत्राचं चार्जिंग संपलेलं. सिस्टरांनी कपाटातून अॅल्युमिनियमचं फीटोस्कोप, म्हणजे ठोके ऐकायची साधी नळी, काढलं. ते कानाने दाबून धरायचं आणि हात सोडून द्यायचा, नाहीतर हाताचाच आवाज येतो. दुसऱ्या हाताने बाईची नाडी धरायची, म्हणजे आईचे ठोके बाळाचे म्हणून मोजले जात नाहीत. कळ ओसरली की लगेच, पूर्ण एक मिनिट. मी मोजले १३८. सिस्टरांनी पुन्हा मोजले, १४०. ११० ते १६० च्या आत म्हणजे ठीक. अर्ध्या तासाने पुन्हा, मग पुन्हा. पहाटे बाळ आलं तेव्हा सिस्टरांचा हात माझ्या हातावर होता. डोकं एकदम येऊ द्यायचं नाही, "आता जोर नको, तोंडाने श्वास सोड" म्हणायचं, हे त्यांनी मला बोलायला लावलं. बाळ आईच्या पोटावर ठेवलं. नाळ कापायची घाई केली नाही. ती माझ्या दोन बोटांत धडधडत होती, मग धडधड मंद झाली, थांबली आणि नाळ पांढुरकी, लुळी पडली. एक ते तीन मिनिटं थांबा असं आम्ही वर्गात शिकलो होतो. त्या तीन मिनिटांत काय चाललेलं असतं ते मला बोटांना कळलं. वजन भरलं दोन किलो चारशे. अडीच किलोच्या आतलं, म्हणून आईच्या छातीशीच ठेवलं.

त्या बाईचा चेहरा मला आजही आठवतो.

पार्टोग्राफ आणि सावळघाट

या एका कागदासाठी वेगळा भाग लिहितेय, कारण दोन ठिकाणांतला फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

पार्टोग्राफ म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते वेळेनुसार मांडायचा तक्ता. त्यावर दोन तिरप्या रेषा असतात, अलर्ट आणि अॅक्शन. दोघींत चार तासांचं अंतर. हे चार तास कुठून आले? १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, या रेषा आखल्या. तिथे दूरदूरच्या लहान केंद्रांवर सुईणी बाळंतपणं करत आणि अडलेली बाई मोठ्या रुग्णालयात पोचायला वेळ लागे. अलर्ट रेषा ओलांडली की बाईला हलवा, अॅक्शन रेषेपर्यंत ती मोठ्या ठिकाणी पोचलेली असावी, हा त्यामागचा हिशेब. पेठहून नाशिकला यायचं तर सावळघाट उतरून-चढून पन्नास-एक किलोमीटर. पावसाळ्यात, रात्री, धुक्यात. हा कागद जणू आपल्याच घाटासाठी केलाय असं मला ग्रामीणमध्ये वाटायचं. तिथे सिस्टर अलर्ट रेषेवर बोट ठेवून म्हणायच्या, "आता १०८ ला फोन कर. रेषा ओलांडायची वाट बघायची नाही." मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर भिंतीपलीकडे असतं, त्यामुळे त्या चार तासांचा अर्थ कुणाला आतून जाणवत नाही. (जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा नवा तक्ता वेगळा आहे, त्यात बाळंतपणाचा सक्रिय टप्पा पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरतात. तुमच्या वॉर्डात कुठला वापरतात ते पहिल्याच दिवशी विचारा.)

एका पोस्टिंगला मला बाळंतपण झाल्यावर पार्टोग्राफ भरायला सांगितलं गेलं. ठिकाण सांगत नाही. बाळ पाळण्यात झोपलेलं आणि मी मागच्या सहा तासांचे ठोके अंदाजाने मांडतेय. मी भरला. आज भरला नसता. तुम्हाला कुणी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "मॅडम, मी मोजलेले ठोके लिहिते, बाकीची जागा मोकळी ठेवते." मोकळी जागा खरी असते. खोटा ठोका पुढच्या बाईच्या जिवावर बेतू शकतो.

जिथे मोठ्या रुग्णालयाला तोड नाही

अतिरक्तस्राव. यासाठी तरी प्रत्येकीने काही दिवस मोठ्या ठिकाणी काढावेतच.

तिसऱ्या खेपेची बाई, बाळ सुखरूप, वार पूर्ण पडलेली, पिशवी आवळण्यासाठी दहा युनिट ऑक्सिटोसिन मांडीत दिलेलं. सगळं आटोपलं असं समजून मी ट्रे उचलायला वळले. स्टाफ सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात बाईच्या बेंबीशी ठेवला. "काय लागतंय?" काहीच लागत नव्हतं. जिथे नारळासारखी टणक पिशवी लागायला हवी, तिथे मळलेल्या कणकेसारखं मऊ. खाली चादरीवर डाग पसरत होता. "चोळ. गोल गोल. थांबू नकोस." पुढच्या काही मिनिटांत दुसरी सलाइन लागली, डॉक्टर आले, कुणी रक्तपेढीकडे धावलं, कुणी लघवीची नळी घातली आणि माझ्या हाताखाली पिशवी एकदम आवळली. सोडली की पुन्हा सैल, चोळली की पुन्हा टणक. सगळं निभावलं. पण तो मऊपणा माझ्या तळहातात राहिला. नंतर ग्रामीणमध्ये एकदा तसंच लागलं, तेव्हा मी क्षणभरही विचार करत बसले नाही. पाचशे मिलिलिटर रक्त गेलं की अतिरक्तस्राव, हे पुस्तकातलं. चादरीवरचं रक्त कुणी मापाने मोजत नसतं, हात आधी ओळखायला हवा.

झटक्यांचंही तसंच. रक्तदाब वाढून झटके येणारी बाई एकदा पाहिलीत की डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी या तक्रारी तुम्ही पुन्हा हलक्यात घेणार नाही. मोठ्या ठिकाणी मॅगसल्फ, म्हणजे झटक्यांवरचं इंजेक्शन, दिल्यावर गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो का, श्वास आणि लघवी किती वेळाने तपासतात ते रोज बघायला मिळतं. ग्रामीणमध्ये त्याचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊन बाई पुढे पाठवायची असते. पुढे तिचं काय झालं ते बहुतेकदा कळतच नाही, आणि ते न कळणं मनाला लागून राहतं.

वागणूक, भाषा, राहणं

लेबर रूम सुधारण्याचा केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७ मध्ये आला तेव्हापासून बाईसोबत तिचं माणूस असावं, पडदा असावा, तिच्याशी नीट बोलावं यावर सरकारी लेबर रूममध्ये भर आहे. गर्दीच्या जागी हे पाळणं अवघड जातं, लहान जागी आई शेजारी बसते ते आपोआप घडतं. पण ओरडणारी माणसं दोन्हीकडे भेटतात आणि हात धरणारीही. एका बाईवर कुणी आवाज चढवला तेव्हा मी गप्प राहिले होते. नंतर तिच्या कपाळावरचा घाम पुसला, तेवढंच जमलं. विद्यार्थिनीच्या हातात तेवढं नक्की असतं, तेवढं तरी करा.

पेठ-सुरगाण्यात कोकणा आणि महादेव कोळी समाजाच्या बायका येतात, काही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून कामावरून थेट. बोली आपल्या कानाला वेगळी लागते. आशाताईंना जवळ ठेवा, त्यांच्याशिवाय अर्धी हिस्ट्री चुकते. हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या बायका बघायची सवय होते, होऊ मात्र देऊ नका. केसपेपरवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीय का ते बघा.

राहायचं म्हणाल तर शहरात होस्टेल आणि रिक्षा आहे. ग्रामीणमध्ये क्वार्टरची खोली मिळते किंवा मिळत नाही. रात्री एकटीने ये-जा ठरवण्याआधी कॉलेजच्या मॅडमकडून सोय लेखी घ्या.

गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या खाजगी मॅटर्निटी होमबद्दलही विचारतात. स्वच्छता चांगली, नोंदी चांगल्या, पण पेशंट डॉक्टरांच्या नावावर आलेली असते, तिला विद्यार्थिनीने हात लावावा असं कुणालाच वाटत नाही. शिकायचं पहिलं ठिकाण म्हणून मी सुचवणार नाही.

मग कोणी काय घ्यावं

एएनएम करून उपकेंद्रावर जाणार असाल तर मोठं रुग्णालय मागा. उपकेंद्रावर तुम्ही एकट्या असणार आणि मऊ पिशवी पहिल्यांदा एकटीने हाताला लागू नये. शहरातल्या मोठ्या वॉर्डात नोकरी करायची असेल तर आधी ग्रामीणला जा, कारण एका बाईजवळ रात्रभर बसायची सवड तुम्हाला पुढे कुणी देणार नाही. या कामातच पुढे जायचं असेल, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी (बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेली नर्स), २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतला अठरा महिन्यांचा कोर्स, तर दोन्ही हवीत, आणि क्रम ग्रामीण आधी. दोन्हींत अर्धं-अर्धं देत असतील तर कळवण मागून बघा. तिथे घाटही कळतो आणि थिएटरही.

घाबरट स्वभाव असेल तर गर्दीत लपता येईल म्हणून मोठं मागू नका. मी तेच केलं होतं. लपता येतं, आणि महिना तसाच निघून जातो.

कुठेही जा, सेकंद काट्याचं घड्याळ घ्या. मोबाइल नको, हातमोजे घातलेल्या हाताने तो उघडता येत नाही. एक जादा सलवार आणि बंद चपला, कारण बाईचं गर्भजल गेलं की आपल्या पायावरच येतं. बांगड्या घरी ठेवा. छोटी वही ठेवा, त्यात बाईचं नाव लिहू नका. फक्त किती वाजता कळ सुरू झाली, किती वाजता बाळ रडलं, आणि मधे तुम्ही कितीदा तिच्याजवळून उठलात, ते लिहा.