लिज्जतचा उडीद पापड : चव आणि मालकी

लिज्जतच्या पापडांत लसूण, लाल मिरची, पंजाबी मसाला असे प्रकार मिळत असले, तरी खरे कसब काळी मिरी घातलेल्या साध्या उडदाच्या पापडातच दिसते. चिमट्यात धरून थेट विस्तवावर भाजला की त्यावर बारीक फोड येतात, हिंगाचा वास आधी येतो आणि मिरीचा तिखटपणा मागाहून जाणवतो. तळल्यावर तो अधिक फुलतो, पण मिरीची धार बोथट होते. म्हणून वरणभाताबरोबर भाजलेलाच घ्यावा. मीठ आणि पापडखार दोन्ही असल्याने पथ्य सांभाळणाऱ्यांनी मात्र बेतानेच खावा.

हा पापड कारखान्यात नव्हे, तर सभासद स्त्रियांच्या घरोघरी हाताने लाटला जातो, आणि या मालाचे मूल्यमापन करताना ती व्यवस्था वगळून चालणार नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. त्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाईने नोकरीसाठी घराबाहेर पडणे ज्या घरांना मानवत नव्हते, त्यांनाही पापड लाटण्याला हरकत घेणे अवघड होते, कारण ते काम आधीपासून तिच्याच वाट्याचे मानले गेले होते. शाखेत मळलेले पीठ भगिनी सकाळी घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड परत आणून देतात आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेतात. ज्यांच्या खोलीत पापड वाळत घालण्याइतकी जागा नाही, त्यांना पीठ मळणे किंवा पाकिटे भरणे अशी कामे मिळतात. मुंबईतल्या घरांचा विचार करता ही सोय किरकोळ नव्हे.

नफ्यातोट्याच्या वाटेकरी आणि मालक याच भगिनी असतात. पुरुष पगारी नोकर होऊ शकतो, सभासद नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी 50 टक्के जागा 2011 साली राखीव झाल्या, आणि त्यानंतरही सरपंचबाईंच्या खुर्चीमागून यजमान कारभार हाकतात ही तक्रार थांबलेली नाही. त्या तुलनेत इथे निर्णयाची जागा पहिल्यापासून स्त्रियांकडे राहिली आणि तिला पैशाचा आधार होता, हे मला पापडाच्या चवीइतकेच महत्त्वाचे वाटते.

तरीही या रचनेची मर्यादा उघड आहे. घरात बसून कमावण्याची सोय झाली, पण घरकामाची वाटणी बदलण्याची गरज कुणाला भासली नाही. लाटण्याचे काम स्वयंपाक, धुणी आणि मुलांचा अभ्यास यांच्या मधल्या वेळात बसवावे लागते, आणि त्या वेळेचा हिशेब वणाईत येत नाही. तो दोष संस्थेपेक्षा घरांचा अधिक आहे. पापड मात्र निःशंकपणे घ्यावा, आणि पावसाळ्यात पाकीट फोडताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.