चार जीबीच्या लॅपटॉपवर उबंटू, डेबियन आणि मिंट

आमचा लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, रॅम चार जीबी, एसएसडी मात्र नंतर टाकलेली. विंडोज ११ च्या अटीत हा बसत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरात काम काय, तर वीजबिल, यूट्यूब आणि माझं मराठी टायपिंग. तेवढ्यासाठी नवा घेणं जिवावर आलं, म्हणून उबंटू, डेबियन आणि मिंट ही तीन लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणाली, आळीपाळीने लावून बघितली.

उबंटू २४.०४ तिघांत देखणं, पण चार जीबीला जड. रॅम दुप्पट असती तर मी बहुधा तिथंच थांबलो असतो.

डेबियन १३ एक्सएफसीई (हा हलका डेस्कटॉप) घेऊन टाकलं. हलकं आहे. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड मागितला, मी आज्ञाधारकपणे दिला. नंतर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवायची सोय) वापरायला गेलो तर म्हणे तुमचं नाव यादीत नाही! तो रकाना रिकामा ठेवला की सुडो आपल्याला मिळतं, हे तिथंच लिहिलेलं असतं. वाचलं नाही, चूक माझी. पण मेहुण्याला फोनवरून हे समजावत बसायची माझी तयारी नाही.

राहिलो मिंट २२ एक्सएफसीईवर. पाया उबंटू २४.०४ चाच, अपडेट २०२९ पर्यंत. फायरफॉक्स ब्राउझर स्नॅपविना (स्नॅप म्हणजे उबंटूची अॅप बांधून द्यायची पद्धत) येतो. अपडेट आली की खाली ढालीच्या चिन्हावर नारिंगी ठिपका दिसतो. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (प्रणालीची प्रत जपून ठेवणारं साधन) चालू करून ठेवा, काही बिघडलं तर मागे जाता येतं. बायकोची तक्रार एकच होती, पत्त्यांचा डाव कुठं गेला? सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घालून दिला.

माझी खरी परीक्षा ‘दुसऱ्या’ या शब्दाची. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट-जे दाबून ऱ, डी ने त्याचा पाय मोडायचा, मग य. तिन्हींत तो नीट उमटला. जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टातली पत्रं मात्र अगम्य दिसत होती. विंडोजमधून फॉन्टची फाइल उचलून आणली तेव्हा वाचता आली.

प्रिंटर लावल्या लावल्या चालला. त्याच यंत्रातला स्कॅनर काही केल्या चालेना. सध्या कागदाचा फोटो मोबाइलवरच काढतो.