जिन्याखालचा चिनीमातीचा फ्यूज बोर्ड : एक परीक्षण

जुन्या घराच्या जिन्याखालच्या कपाटात मला जो फ्यूज बोर्ड सापडला, त्याचे हे परीक्षण आहे. असा बोर्ड आज कोणी नव्याने बसवून घेणार नाही, हे खरे. परंतु जुने घर घेणाऱ्याला किंवा वारशाने मिळालेल्या घरात राहायला जाणाऱ्याला तो आयताच मिळतो, आणि दिवे लागत आहेत, पंखे फिरत आहेत, एवढ्यावर तो ठीक असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणून एखाद्या विकत घेतलेल्या वस्तूचे करावे तसे त्याचे गुणदोष तपासणे मला आवश्यक वाटले.

बोर्ड म्हणजे जाड लाकडी फळी, तिच्यावर दोन ओळींत बसवलेले पांढऱ्या चिनीमातीचे बारा किटकॅट फ्यूज (म्हणजे ज्यांतली वितळलेली तार हाताने बदलता येते असे फ्यूज), आणि शेजारी लोखंडी पेटीतला मेन स्विच. सर्व वायर फळीच्या मागून आलेल्या, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला फक्त नीटस मांडणी दिसते. याहून जुन्या घरांत लाकडाऐवजी स्लेटच्या किंवा संगमरवराच्या पाट्या आढळतात. त्या निदान जळत तरी नाहीत.

आधी गुण सांगतो, कारण ते खरोखरच आहेत. चिनीमाती हा विद्युतरोधक पदार्थ म्हणून फार विचारपूर्वक निवडलेला आहे : तो उष्णतेने मऊ होत नाही, ओलावा शोषत नाही आणि त्याचा चकचकीत मुलामा इतक्या वर्षांनंतरही ओल्या फडक्याने पुसला की पहिल्यासारखा दिसतो. कॅरिअर, म्हणजे हाताने ओढून काढायचा वरचा भाग, बोटांत नेमका बसतो. पितळेचे स्क्रू गंजलेले नव्हते आणि बाराही स्क्रू एकाच स्क्रूड्रायव्हरने सैल झाले. मेन स्विचची रचना तर मला विशेष आवडली, कारण त्याचा दांडा वर असेपर्यंत, म्हणजे स्विच चालू असेपर्यंत, पेटीचे दार उघडतच नाही. मात्र याच ठिकाणी एक इशारा द्यायला हवा : स्विच बंद केल्यावर दार उघडते, तरीही बाहेरून येणारी वायर ज्या टर्मिनलला जोडलेली असते तिथे वीज असतेच. दार उघडले म्हणजे आतले सगळे निर्जीव झाले, असा समज करून घेऊ नये.

फ्यूजची कल्पना बोर्डापेक्षा बरीच जुनी आहे. तारायंत्राच्या उपकरणांचे विजेच्या लोळापासून रक्षण करण्यासाठी मुद्दाम बारीक तार जोडावी, असे लुई ब्रेगे या फ्रेंच संशोधकाने १८४७ मध्ये सुचवले होते. वीजवितरणासाठीच्या फ्यूजचे पेटंट एडिसनला १८९० मध्ये मिळाले. तत्त्व सोपे आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि सर्वांत बारीक तुकडा सर्वांत आधी वितळून मार्ग तोडतो. त्यासाठी कथील चढवलेली तांब्याची तार वापरतात, कारण उघडे तांबे हवेत हळूहळू काळवंडून झिजते आणि मग कमी प्रवाहालाच तुटते.

दोष सुरू होतो तो इथेच, आणि या परीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. हा बोर्ड किती सुरक्षित आहे, हे कारखान्याने ठरवलेले नाही. ज्याने शेवटची तार ओवली त्याच्या हाताने ते ठरवले आहे. ५ अँपिअरसाठी ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटर आणि ३० अँपिअरसाठी ०.८५ मिलिमीटर व्यासाची तार, असे प्रमाण बीएस ३०३६ या ब्रिटिश मानकाच्या फ्यूजसाठी ठरलेले आहे. डोळ्यांना यातला फरक केसाएवढा दिसतो, पण परिणामात तो सहापटींचा आहे. माझ्या बोर्डातले बारा कॅरिअर मी वायरमनच्या देखरेखीखाली एकेक करून उघडले. सातांत योग्य तार होती, चारांत दोन-दोन तारा पिळून घातलेल्या होत्या, आणि एकात फ्यूज तार नव्हतीच. तिथे वायरिंगच्या दीड चौरस मिलिमीटरच्या केबलमधला सोललेला तांब्याचा गाभा घट्ट आवळलेला होता. त्याचा व्यास सुमारे १.४ मिलिमीटर भरतो, म्हणजे ४५ अँपिअरच्या १.२५ मिलिमीटर फ्यूज तारेपेक्षाही तो जाड. अशा वेळी फ्यूज भिंतीतल्या वायरचे रक्षण करत नाही, तर भिंतीतली वायरच फ्यूजचे काम करू लागते, आणि ती वितळते ती वायर झाकणाऱ्या लाकडी पट्टीच्या आत, कोणाला न दिसता.

ज्याने हे केले त्याला मी दोष देऊ इच्छित नाही. रात्री अंधारात फ्यूज वारंवार उडत असेल आणि घरात योग्य तार नसेल, तर हाताला मिळेल ती तार लावली जाते. परंतु चूक करणे एवढे सोपे असावे, ही वस्तूचीच उणीव आहे. पेचाने बसणाऱ्या जर्मन डायझेड फ्यूजमध्ये हा धोका ओळखलेला दिसतो : त्याच्या तळाशी मापाचे कडे बसवलेले असते, त्यामुळे ठरलेल्यापेक्षा मोठ्या क्षमतेचा फ्यूज आत बसतच नाही, आणि रंगीत खुणेवरून क्षमता कळते. किटकॅटमध्ये असे कोणतेही बंधन नाही.

योग्य तार असली तरीही हा फ्यूज मंदच आहे. तो ठरलेल्या प्रवाहाच्या जवळजवळ दुपटीपर्यंत तग धरतो, त्यामुळे थोड्याशा पण सतत चालणाऱ्या जादा भाराकडे त्याचे लक्ष जात नाही. शॉर्ट सर्किट तोडण्याची त्याची ताकदही मर्यादित आहे. बीएस ३०३६ प्रकारातल्या फ्यूजसाठी ती फार तर ४ हजार अँपिअरपर्यंत असते, तर घरगुती एमसीबीवर, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर, ६ हजार किंवा १० हजार अँपिअर छापलेले आढळते. शिवाय माणसाला बसणारा धक्का फ्यूजला कळत नाही. अंगातून ३० मिलिअँपिअर जात असताना पुरवठा तोडणारे आरसीसीबी वेगळे असते. ५ अँपिअरच्या तारेला एवढ्या प्रवाहाची जाणीवही होत नाही.

आता त्या दोन ओळींविषयी. बारा फ्यूज म्हणजे बारा सर्किट, असा माझा समज होता, पण सर्किट सहाच निघाले : प्रत्येकाच्या फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, एक फ्यूज आणि न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेलाही, एक. पूर्वी ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाई. प्रत्यक्षात ती घातक आहे, कारण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो आणि वीज गेली असे वाटते, तरी फेज उपकरणापर्यंत जिवंतच असते. मी स्वतः स्वयंपाकघरातला होल्डर बदलायला खुर्चीवर चढलो होतो. दिवा लागत नव्हता, त्यामुळे वीज नाही याची मला खात्री होती. सुदैवाने वायरमनने टेस्टर लावून पाहा असे बजावले होते, आणि टेस्टर पेटला. त्या क्षणापासून हा बोर्ड ठेवायचा की नाही, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

फळी भिंतीवरून उतरवल्यावर मागची बाजू दिसली. रबराचे आवरण असलेल्या जुन्या वायर वाकवताच त्या आवरणाचे तुकडे गळून पडत होते आणि एका टर्मिनलमागचे लाकूड कोळशासारखे झाले होते. सैल सांधा एवढे नुकसान सहज करू शकतो : सांध्याचा रोध ०.१ ओहम असला आणि त्यातून १० अँपिअर वाहत असले, तर त्या एका बिंदूवर १० वॅट उष्णता सतत निर्माण होते, आणि फ्यूजला मात्र सारे काही नेहमीसारखेच भासते.

ज्यांच्या घरी असा बोर्ड आहे त्यांना माझी विनंती आहे की, केवळ फ्यूज काढून त्या जागी एमसीबी बसवून थांबू नये. भिंतीतली वायर आणि अर्थिंग हे दोन्ही परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे, कारण कुजलेल्या वायरवर नवा एमसीबी लावणे म्हणजे जीर्ण दोरखंडाला नवा कडीकोयंडा लावणे होय. जुन्या कॅरिअरमध्ये तारेजवळ करड्या तंतुमय पट्ट्या असल्या तर त्या खरवडू नयेत, फळीला भोकेही पाडू नयेत. त्या काळी ठिणगीपासून बचावासाठी अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई आणि त्याचा बारीक कण फुप्फुसात गेला की तो तिथून बाहेर पडत नाही.

माझ्याकडच्या कॅरिअरमध्ये तशी पट्टी नव्हती. नव्या पेटीत आता सहा एमसीबी आणि एक आरसीसीबी आहे, आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण मी महिन्यातून एकदा दाबून पाहतो. बाराही चिनीमातीचे कॅरिअर धुऊन, पुसून एका लाकडी खोक्यात ठेवले आहेत. त्यांतल्या एकातही तार ओवलेली नाही.