ला रेवांचा देल टँगो: ठेका स्थिर, तरी टँगो जिवंत

टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात ड्रम नसतो. ठेका धरतात पियानो आणि डबल बास, आणि वेग गाण्याच्या ओळीप्रमाणे ताणला-सोडला जातो. ड्रम मशीन तसं ताणलं जात नाही. म्हणूनच टँगोवर नुसता इलेक्ट्रॉनिक ठेका चढवला की त्यातली ओढ मरते. पॅरिसच्या गोतान प्रोजेक्ट या गटाने 2001 च्या ‘ला रेवांचा देल टँगो’ या आपल्या पहिल्याच आल्बममध्ये ही अडचण नेमकी सोडवली.

गटातल्या फिलिप कोएन सोलाल आणि क्रिस्टॉफ म्युलर यांनी ठेका स्थिर ठेवला, पण त्याच्याभोवती भरपूर जागा सोडली. ही रीत जमैकाच्या डब संगीताची: बास जाड, बाकी वाद्यं मोजकी, सुरामागे लांबत जाणारा प्रतिध्वनी. त्या जागेत एदुआर्दो माकारॉफची गिटार, गुस्ताव्हो बेतेलमानचा पियानो आणि नीनी फ्लोरेसचा बँडोनियन ठेक्याच्या किंचित पुढे-मागे खेळतात. बँडोनियनमध्ये आपल्या पेटीसारखेच रीड्स असतात. मात्र भाता उघडताना आणि मिटताना एकाच बटणातून बहुधा वेगवेगळे सूर निघतात. भाता कुठे उलटवायचा, यावर सुरावटीचा श्वास ठरतो. तुकडा कापून लूप केला, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा वाजवला, की हा श्वासच तुटतो. इथे तो शाबूत आहे, आणि आल्बमचं खरं मोल त्यात आहे.

‘एपोका’ सगळ्यात सरस. अर्जेंटिनातल्या 1976 ते 1983 च्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांची सावली या गाण्यावर आहे, आणि क्रिस्तिना व्हिलालोंगा ते जराही आवाज न चढवता गाते. शेवटचं ‘व्हुएल्वो आल सुर’ मूळ अर्जेंटिनाचा टँगो संगीतकार आस्तोर पियाझोला याचं. चाल इतकी भक्कम की इलेक्ट्रॉनिक साज मागे राहतो, आणि तेच योग्य आहे. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ मात्र नुसतं वातावरण निर्माण करून थांबतं. ‘एल कापितालिस्मो फोरानेओ’मध्ये भाषणाचा तुकडा वारंवार येतो, दुसऱ्यांदा ऐकताना त्याचा जोर ओसरतो. दहाही गाण्यांत ड्रमचा पोत जवळपास सारखा, त्यामुळे सलग ऐकताना उत्तरार्ध जड जातो. पाच-पाच गाणी वेगळी ऐकावीत.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचा बास गायब होतो, वर नुसती टिकटिक उरते आणि ठेका उगाच कोरडा वाटतो. साधे, कान झाकणारे हेडफोन पुरतात. नाच शिकणाऱ्यांनी ‘सान्ता मारिया’पासून सुरुवात करावी, ठोका स्वच्छ आहे. ‘त्रिप्तिको’ आठ मिनिटांहून लांब. नवख्या जोडीचा दम त्यात निघतो.