वजन न विचारता गोळी विकणारा

६,४५० रुपये. आकडा मुद्दाम आधी लिहितेय, कारण घरी मी अजून ‘चारेक हजार गेले’ एवढंच सांगितलंय.

जुलैत आमच्या कुत्र्याच्या, ब्रूनोच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीडच गोचीड. दर महिन्याला फिप्रोनिलचे, म्हणजे गोचीड मारायच्या औषधाचे, थेंब टाकत होते तरीही. मुलुंडला बागेत रोज भेटणारे एक गृहस्थ म्हणाले, “ताई, गोचीड आता त्याला जुमानत नाहीत. रेझिस्टन्स!” यात खोटं काय वाटणार? अमेरिकेत कुत्र्यांच्या हुकवर्मवर (आतड्यातले जंत) तीन-तीन प्रकारची औषधं चालेनाशी झालीत, शर्यतीच्या ग्रेहाउंडांत ते फार आहे, हे मी वाचलेलं होतं. अडाणी असते तर वाचले असते.

त्याच्याकडूनच घेतल्या, चघळायच्या तीन ‘इंपोर्टेड’ गोळ्या, १,८५० ला एक. मांजरीसाठी थेंबांची नळी, ९००. जीपे केले. बिल नाही. बिल नाही तिथे औषध घेऊ नका, संपलं.

पाकिटावर बॅच नंबरची शाई पुसलेली होती. पाऊस लागला असेल, असं मीच मला समजावलं. पण खरी चूक ती नाही. त्याने ब्रूनोचं वजन विचारलं नाही. एकदाही नाही! या गोळ्या वजनाप्रमाणे असतात, आमचे डॉक्टर आधी काट्यावर उभं करतात. आठ वर्षं बघतेय मी हे. तेव्हा माझं डोकं कुठे होतं?

नळी टाकल्यावर काही तासांतच माऊ थरथरायला लागली. डॉक्टरांना पर्मेथ्रिनचा संशय आला. कुत्र्याला चालणारं ते औषध मांजरीला विष आहे, कुत्र्याची नळी मांजरीला कधीच नाही. वाचली. तीन आठवड्यांनी ब्रूनोला टिक फीवर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप, प्लेटलेट्स घसरलेल्या. दोघांचे मिळून १४,३८० वेगळे.

वर डॉक्टर म्हणाले, रेझिस्टन्स कशावरून? थेंब टाकून दुसऱ्याच दिवशी मी त्याला शाम्पूने आंघोळ घालत होते. आणि गोचिडीची मादी खाली पडून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, ती कोण साफ करणार? मला कोणी सांगितलंच नव्हतं. (फिप्रोनिलच्या पत्रकावर होतं म्हणे.)

चौकीत साहेब हसले, “कुत्र्याची गोळी? ऑनलाइन टाका.” बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. औषधांच्या सरकारी ऑफिसात तासभर बसवून म्हणाले, सीलबंद नमुना आणा. अहो, गोळ्या कुत्र्याच्या पोटात गेल्या, सीलबंद कुठून आणू? पाकीट दाखवलं तर म्हणे दुसऱ्या टेबलावर. ते टेबल रजेवर!

परवा तो पुन्हा बागेत, एका लॅब्रेडॉरवाल्या काकांना पाकीट दाखवत उभा. मी लांबूनच ओरडले, “काका, यांनी वजन विचारलं का?”